आबांच्या मोटारीची किल्ली

पंचेचाळीस वर्षं एकाच जागी उभी असलेली मोटार कशी दिसते, असं मला कुणी विचारलं तर पहिल्या क्षणाचं मी सांगू शकणार नाही. प्रवीणनं ताडपत्री ओढली तेव्हा मी डोळे घट्ट मिटून घेतले होते. प्रवीण माझा भाचा. पाचोऱ्याकडचं आमचं शेत, घर आणि घरामागची ही शेड आता तोच बघतो. धुळीचा लोट उठला, सगळे खोकले, आणि त्या धुळीतून वास आला. तापलेल्या रेक्झिनचा, उंदरांचा आणि पेट्रोलचा. पेट्रोलचा वास इतकी वर्षं कुठला राहतोय म्हणा, पण मला आला.

"आत्या, डोळ्यात गेलं का काही?" प्रवीणनं विचारलं.

"गेलं," मी म्हटलं. जळगावच्या शाळेत तीस वर्षं पोरांना 'खोटं बोलू नका' म्हणून दरडावलं, आणि हे माझं त्या दिवसाचं पहिलं खोटं होतं. सकाळचे दहासुद्धा वाजले नव्हते.

आखाजीचा आदला दिवस होता. बाकी महाराष्ट्राची अक्षय्य तृतीया, आमची आखाजी. लेकींनी माहेरी यायचा सण. मी जळगावहून आले होते, माझी थोरली बहीण अक्का धुळ्याहून आली होती. अक्का आता पासष्टीच्या पुढची. पांढरी वेणी, गुडघे दुखतात, तरी मांडी घालूनच बसणार. ती मागच्या ओट्यावर रसासाठी आंबे माचवत, म्हणजे दाबून मऊ करत, बसली होती, शेडकडे पाठ करून. माहेरी आली की ती नेहमी अशीच बसते. आबांचं, म्हणजे आमच्या वडिलांचं, नाव निघालं की ती पाणी आणायला उठते. आबांना जाऊन वीस वर्षं झाली. दहाव्याला आली होती, पण डोळ्यात टिपूस नव्हता. गावातल्या बायका तेव्हा काय काय बोलल्या. मी मूग गिळून बसले, कारण तिच्या कोरड्या डोळ्यांमागं काय आहे ते फक्त मला ठाऊक होतं. निदान तेव्हा मला तसं वाटत होतं.

प्रवीणला ठिबकच्या नळ्या ठेवायला शेड मोकळी करून हवी होती. मोटार विकायचा त्याचा विचार नव्हता. "नीट करून घेऊ, आबांची आठवण आहे," तो म्हणाला. पण चार माणसांनी ढकलूनही ती हलेना, कारण पुढची चाकं उजवीकडं वळलेली आणि त्यातलं एक भिंतीला टेकलेलं. स्टेअरिंग लॉक होतं. किल्ली नव्हती. म्हणून धुळ्याहून अन्वरचाचा नावाचे जुने मिस्तरी आले होते. असली मोटार उघडणारी माणसं आता उरलीत किती?

चाचांनी मोटारीला हात लावला नाही. आधी टोपी काढून घाम पुसला आणि अहिराणीत म्हणाले, "पहिले कागद दखाडा, भाऊ. लॉक काढाना काम शे. कागद पाह्याशिवाय मी हात नही लावस."

प्रवीण हसला, पण आतून आरसी बुक घेऊन आला. चाचांनी चष्म्यातून आबांचं नाव पूर्ण वाचलं, मोठ्यानं. ओट्यावर आंबे माचवणारा हात थांबला, ते मी पाहिलं.

आबांनी मोटार धुळ्याच्या एका डॉक्टरांकडून जुनी घेतली होती. डॉक्टर म्हणाले होते, "किल्ली एकच आहे, जपा." आबांनी तिला पिवळा दोरा आणि बारकं पितळी घुंगरू बांधलं. किल्ली देवघराशेजारच्या खिळ्याला असायची. आबांनी ती काढली की घुंगरू वाजायचं आणि मी हातातलं ताट टाकून पळायची. आई ओरडायची, "अगं घास तरी गीळ!" कसला गिळते. पुढच्या सीटवर, आबांच्या शेजारी, ती जागा माझी होती.

मोटारीचा रंग दुधी. गिअर स्टेअरिंगलाच, दांडीसारखा. आबा तो असा टाकायचे की बैलाच्या पाठीवर हात ठेवतायत असं वाटावं. वेगही बैलाचाच. पाचोऱ्याहून जामनेरला जायला आम्हाला अर्धा दिवस लागायचा, कारण आबा वाटेतल्या प्रत्येक ओळखीच्या विहिरीवर थांबणार, रेडिएटरला पाणी पाजणार, आणि विहिरीच्या मालकाशी कपाशीचं बोलणार.

आणि आखाजीच्या आधीचे ते आठ दिवस! आमच्याकडं लेकीला आणायला सासरी मुराळी जातो. भाऊ असेल तर भाऊ, नाहीतर चुलतभाऊ. ज्या बायकांना कुणीच नसायचं त्यांचा मुराळी आमचे आबा. मोटार आल्यापासून गल्लीनं त्यांना तो मानच देऊन टाकला. रोज एक गाव. जायची तेव्हा मोटार रिकामी, यायची तेव्हा मागं तीन तीन बाया, मांडीवर पोरं, टपावर ट्रंका, पायाशी डांगरं म्हणजे खरबुजं. त्या पिकल्या डांगरांचा वास बंद काचांच्या आत असा कोंडायचा की डोकं गरगरावं. गाव दिसलं की मागं कुणीतरी गाणं काढायचं, आणि गाणं सुरू झालं की कुणीतरी रडायचं. आबा फक्त मोटार अजून हळू चालवायचे. गल्लीत प्रत्येकीवरून भाकरतुकडा ओवाळून टाकेपर्यंत ते दार धरून उभे राहायचे, उन्हात.

सगळ्यात शेवटी अक्का. तिला आणायला आबा मुद्दाम आदल्या दिवशी जायचे. "घरनी पोर शेवटले," असं म्हणायचे.

चाचांनी स्टेअरिंगखालचं कव्हर काढलं. आत बॅटरीचा उजेड पाडला, बोटानं चाचपलं आणि जीभ टाळ्याला लावून 'च्यक्' केलं. "बठ्ठा जंग शे आतमा." लॉक धरून ठेवणाऱ्या बोल्टांना डोकीच नव्हती. ते बसवतानाच असे आवळतात की डोकं मोडून पडावं, म्हणजे चोराला पाना लावता येऊ नये. चाचांनी रॉकेलमध्ये भिजवलेलं फडकं त्या जागी गुंडाळलं आणि चक्क खाली बसून चहा मागितला. प्रवीणला धीर नाही. त्यानं स्टेअरिंगचं चाक दोन्ही हातांनी धरून हिसका दिला.

"जोर नही लावाना, भाऊ!" चाचा ओरडले. "जोर लावा ते दांडा वाकी जाई. आतमा खिळा अटकेल शे. त्याले मोकळं वाटाले पाहिजे, मंग तो आपोआप सरकी."

मी तिथंच उभी होते, पदर तोंडाशी धरून. खरं सांगायचं तर मला ते लॉक निघायला नको होतं. ती मोटार कायमची अडकून राहिली असती तर माझंही तोंड अडकून राहायला निमित्त होतं.

"पण किल्ली गेली कुठं?" चाचांनी चहा पिता पिता विचारलं. साधा प्रश्न. प्रवीणनं घरातली कथा सांगितली. कुणी म्हणतं माकडानं नेली, कुणी म्हणतं आबांच्या हातून विहिरीत पडली.

किल्ली गेली ती आखाजी. मी दहा वर्षांची, अक्का एकवीसची, लग्नाला दोन वर्षं झालेली. त्या वर्षी ती झोक्यावर बसली नाही. शेतातल्या निंबाला गल्लीतल्या सगळ्या लेकींचे झोके बांधलेले, गाण्यांनी दुपार दणाणलेली, आणि अक्का घरात आईजवळ भिंतीला टेकून. सासरी तिचं नीट नव्हतं. काय नीट नव्हतं ते मला कुणी सांगितलं नाही आणि मी पुढं विचारलंही नाही. पण ती आबांना म्हणाली ते मी दाराआडून ऐकलं. "माले सोडाले तुम्हीच या, आबा. आत या, बसा, मन्हा सासराशी दोन शबद बोला." आबांनी मान हलवली. परवा पहाटे मोटारीनं निघायचं ठरलं.

मला बाकीचं काही कळलं नाही, एवढंच कळलं की अक्का परवा जाणार. आणि मला ती जायला नको होती. मोटार चालली नाही तर अक्का जाणार नाही, इतका सरळ हिशेब. आखाजीच्या दुपारी आमरस जेवून सगळं घर आडवं झालं तेव्हा मी स्टुलावर चढले, घुंगरू मुठीत दाबलं आणि किल्ली काढली.

लपवायची कुठं? माझी अक्कल पाहा. आखाजीला पोरी गौराई मांडतात. टोपलीत माती घालून गहू पेरायचा, अंधारात ठेवायचा, पिवळ्याधमक पात्या वर येतात. त्या टोपलीला विसर्जनापर्यंत कुणी हात लावत नाही, मोठी माणसंसुद्धा नाहीत. मी किल्ली आमच्या टोपलीत, गव्हाच्या मुळांखाली खोचली. विसर्जन परवा संध्याकाळी. तोवर निघायची पहाट टळलेली असेल, मग हळूच काढून खिळ्याला अडकवू. देवीच्या टोपलीइतकी राखणदार जागा साऱ्या गावात नव्हती. झोका खेळायला मी निर्धास्त पळाले.

गिरणेत त्या वर्षी पाणी नव्हतं. एक डोह तेवढा उरला होता आणि तोही आटत चाललेला. उद्या चिखलच राहील म्हणून मोठ्या पोरींनी ठरवलं, आजच गौराई न्यायची. त्यात पलीकडच्या गावच्या पोरी काठावर येऊन उभ्या असल्याची बातमी आली. दोन्ही काठांनी एकमेकींना पोटभर शिव्या घालायच्या, ही आमच्या गौराईची रीत. मग काय, कोण थांबतंय? झोक्यावरून मला गाणं ऐकू आलं आणि ते नदीकडं चाललंय हे कळलं तशी मी चालत्या झोक्यावरून उडी टाकली.

मी पोचले तेव्हा टोपल्या उलट्या झाल्या होत्या. पिवळ्या पात्या पाण्यावर तरंगत होत्या. अलीकडून पलीकडं शिव्या, हसू, टाळ्या. चाळीस पोरींच्या पायांनी डोह ढवळून निघालेला, आणि मी गुडघाभर गाळात दोन्ही हात घालून चाचपत होते. सगळ्यांना वाटलं मी खेळतेय. शंख हाताला लागले, खापऱ्या लागल्या. अंधारायच्या आत मला कुणीतरी बखोटीला धरून घरी आणलं.

दुसऱ्या दिवशी आबांनी खिळा पाहिला. मग घरभर शोध. कोठ्या हलवल्या, गाद्या झटकल्या, आईनं पिठाचे डबे उपसले. त्याच्या पुढच्या पहाटे, निघायच्या वेळी, अक्का लुगड्याची घडी करून दारात उभी, आणि आबा अजून गोठ्यात गवत उलथंपालथं करत होते. सूर्य वर आला. सासरी संध्याकाळच्या आत पोचायचं होतं. शेवटी गल्लीतले एक नाना धुळ्याला चालले होते, त्यांच्याबरोबर तिला एसटीनं पाठवलं. आबा म्हणाले, "चाबी भेटनी की मांगेमांगे येस." अक्का त्यांच्याकडं पाहत राहिली, मग वळली.

मी तोंडातून ब्र काढला नाही. भीती मारायची नव्हती, आबांनी कधी बोट लावलं नाही. डोहात जे गेलं ते सांगून परत येत नाही असं काहीतरी मनाला पटवलं होतं. पाचोऱ्याचा मिस्तरी आला, म्हणाला तोडावं लागेल. आबा म्हणाले, "तोडू नका. सापडीन." चौथ्या दिवशी ते स्वतः एसटीनं धुळ्याला गेले. परत आले तेव्हा आईनं विचारलं, "भेटली?" आबा म्हणाले, "तिनी तब्येत बरी नही." पाय धुतले, आणि मागं जाऊन मोटारीवर ताडपत्री टाकली. पुढच्या आखाजीला अक्का आली नाही. त्याच्या पुढच्याही नाही. आबा होते तोवर नाहीच. गल्लीतल्या बाया विचारायच्या, मोटार का काढत नाही, तर आबा म्हणायचे, "कोनाकरता काढानी?"

खट् असा आवाज झाला. चाचांनी डोकं मोडलेल्या बोल्टाला करवतीनं बारीक खाच पाडली होती, तिच्यात छिन्नी टेकवून ते हातोडीनं हळूहळू ठोकत होते, उलट्या अंगानं. बोल्ट केसभर फिरला. मग अजून थोडा. चाचांनी तो बोटांनी सोडवला, मग दुसरा, आणि लॉकचं गंजलेलं बोंडूक दांड्यावरून उतरवून प्रवीणच्या हातात ठेवलं. "आते फिरवा. हळू."

प्रवीण म्हणाला, "आत्या, तू फिरव. तू आबांची लाडकी."

मी आत बसले. ड्रायव्हरच्या जागी, जिथं मी कधी बसले नव्हते. चाकाला हात लावला. ते कुरकुरलं आणि फिरलं, पुढचं टायर भिंतीपासून सुटलं. शेडमध्ये सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मला रडू फुटलं, हुंदके देऊन, लहान पोरीसारखं. आणि दारात अक्का उभी होती. हात आंब्यांनी माखलेले. चाळीसपेक्षा जास्त वर्षांत ती पहिल्यांदा शेडपाशी आली होती.

"काय व्हयनं?" ती म्हणाली.

प्रवीण चाचांना आणि बाकीच्यांना घेऊन चहाच्या निमित्तानं बाहेर गेला. शहाणं पोर. मी गाडीतून उतरले नाही. चाक धरूनच म्हटलं, "अक्का, चाबी मीच दपाडेल व्हती. गौराईनी टोपलीमा. तू जावाले नको म्हनीसन." इतकी वर्षं जळगावात राहून माझी भाषा शहरी झाली आहे, पण ही गोष्ट मला त्या भाषेत सांगता आली नाही.

मग सगळं सांगितलं. खिळा, टोपली, डोह, गाळ. अक्का चौकटीला धरून ऐकत होती. मला वाटलं होतं ती रडेल, किंवा जवळ येईल, किंवा 'पोर होतीस तू' म्हणेल. माणूस मनात किती स्वस्तात सुटतो!

ती मोटारीकडं बघत म्हणाली, "माले वाटनं आबा खोटं बोलनात. मन्हा सासराना समोर उभं ऱ्हावानी लाज वाटनी, म्हनीसन चाबीनं सोंग करं." मग तिनं हातावरचा रस पदराला पुसला. "चौथा दिन ते मन्हा सासरले उनात व्हतात. ओटावर बसनात, दुपारभर. मी चुल्हापुढेच बसेल व्हती. मीच निरोप धाडा की तब्येत बरी नही. मी त्यास्ले तोंड दखाडं नही."

हे मला माहीत नव्हतं. एवढी वर्षं मी समजत होते की सासरच्यांनी आबांना भेटू दिलं नाही. त्यांना परत पाठवलं ते त्यांच्या लेकीनं, आणि लेकीला तसं करायला लावलं ते मी.

"त्यानंतर तुम्ही कोणी मला आणायला मूळ धाडलं तरी मीच नाही म्हणायची," अक्का म्हणाली. ती आता माझ्यासारखी शहरी बोलत होती, परक्याशी बोलतात तशी. "आबा गेले तेव्हा सगळ्यांना वाटलं मी दगड आहे. तू तर घरातच होतीस. दहा वर्षांची होतीस तेव्हा नाही बोललीस, ते मी समजते. वीस वर्षांची झालीस तेव्हा? तीसची झालीस तेव्हा? ते जिवंत होते ना गं!"

ती वळली आणि आंब्यांकडं गेली.

दुसऱ्या दिवशी आखाजी. दुपारी आमच्याकडं गेलेल्या माणसांच्या नावानं आगारी टाकतात. गोवऱ्यांच्या निखाऱ्यावर तूप सोडायचं, सांजोरी, पुरणपोळी, रस, एकेक घास ठेवायचा आणि ज्याच्या नावाचा त्याला हाक मारायची. घरचा कर्ता पुरुष टाकतो. प्रवीणनं पाट मांडला, पणजोबा-खापरपणजोबांची नावं घेतली. आबांच्या नावाला तो थांबला, कारण अक्का उठून त्याच्या शेजारी येऊन बसली होती. गुडघे दुखत असताना, मांडी घालून. तिनं त्याच्या हातातला घास घेतला. रस आणि पोळी, आबांना आवडायची तशी कालवलेली. निखाऱ्यावर ठेवला.

"आबा, जेवा," ती म्हणाली. आणि तिचा आवाज फुटला. "मन्हं चुकनं, आबा. मन्हं चुकनं." तूप पेटलं, धूर डोळ्यांत गेला, आणि ती तशीच बसून रडत राहिली, वीस वर्षं उशिरा, साऱ्या घरासमोर. मी दाराशी उभी होते. मला पुढं व्हायचं होतं, तिच्या पाठीवर हात ठेवायचा होता. पण ते रडणं आबांचं होतं. माझा हात त्यात नको होता.

अक्का दुसऱ्या दिवशी धुळ्याला गेली. निघताना प्रवीणच्या डोक्यावरून हात फिरवला, त्याच्या बायकोला साडी दिली. माझ्यासमोरून गेली, थांबली नाही. जो अबोला तिनं इतकी वर्षं आबांशी धरला होता, तो आता माझ्या वाट्याला आला आहे. योग्य ठिकाणी आला, असं मी स्वतःला सांगते. रात्री ते खरं वाटत नाही.

मी तिला रोज संध्याकाळी फोन करते. पहिले पंधरा दिवस तिनं उचललाच नाही. आता उचलते. मी बोलते, आज जळगावात किती ऊन होतं, भाजीत काय केलं, आबा मला गिअर कसा धरू द्यायचे. पलीकडून पंखा ऐकू येतो, कधी भांडं, कधी तिचा श्वास. अक्का बोलत नाही. पण फोन ठेवतही नाही.